वरून चांदी, आतून काजळी

रंग मारायला कुणी सांगितलं होतं तुला?

आधी याचं उत्तर दे. बाकीचं मागून बघू. सुरतेहून, उधन्याच्या भंगारातून गॅसची शेगडी आणलीस. जाळीची, झाकणाची, दोन बर्नरची, घडीच्या पायांची. सीटखाली सरकवून भुसावळ लाइनच्या गाडीने शिंदखेड्यापर्यंत आणलीस. इथवर झकास. वापरलेला माल घेण्यात कमीपणा नाही, आणि भंगाराच्या ढिगातून बिडाचे बर्नर ओळखायला नजर लागते. ती तुझ्याकडे आहे. मग पुढे काय झालं? पावसाळाभर ती शेगडी पडवीत पडून. वर गोणपाट टाकलं होतं म्हणे. गोणपाट आधी स्वतः पाणी पितं, मग लोखंडाला पाजतं, हे फिटरचा कोर्स केलेल्या पोराला मी सांगायचं? आणि चंपाषष्ठी तोंडावर आल्यावर तुला जाग आली, ती कशाने? तर चांदीच्या रंगाच्या डब्याने. आतली काजळी तशीच, जाळीचा गंज तसाच, तेलाच्या पुटांवर मुंग्यांची वारुळं, आणि झाकण मात्र चकाचक. वरून कीर्तन, आतून तमाशा.

'पेटवून दाखवतो सर,' म्हणालास. दाखवलीस. डावा बर्नर पिवळ्या जिभा काढत होता. उजवा अर्धा पेटला, अर्धा नाही. आणि कॉकच्या मागे, जिथे ज्योत असायचं काही कारणच नाही, तिथे 'फट्' करून भडका उडाला. तुझ्या भुवया जळता जळता वाचल्या. त्यावर तू काय बोललास? 'वारा आहे सर.' वारा? भिंतीच्या आडोशाला, पान हलत नाही अशा सकाळी? नाचता येईना, अंगण वाकडं!

मी हे अडाणी माणसाला बोललो नसतो. अडाण्याला शिकवतो मी, झापत नाही. तुला झापतोय, कारण तुला सगळं येतं. कपाशीवर फवारणी करताना पंपाचा नोझल तुंबला तर बांधावर बसून, तंबाखूचा विडा मळायला लागतो तेवढ्या वेळात तू तो खोलतोस, धुतोस, परत बसवतोस. ठिबकच्या व्हेंचुरीतून खत ओढलं जाईना झालं की शेजारचे चार शेतकरी तुलाच फोन करतात. मग मला सांग, व्हेंचुरीत काय होतं? पाणी अरुंद जागेतून जोरात जातं, तिथे दाब कमी होतो, आणि बाजूच्या नळीतून खताचं पाणी आपोआप ओढलं जातं. बर्नरच्या नळीत काय होतं? नोझलमधून गॅस जोरात सुटतो आणि बाजूच्या झरोक्यातून हवा ओढून घेतो. तेच शास्त्र! एक भाग गॅस पुरता जळायला चोवीस ते एकतीस भाग हवा लागते. प्रोपेन असेल तर चोवीस, ब्यूटेन असेल तर एकतीस, आणि आपल्या टाकीत दोन्हींचं मिश्रण. हवेचा काही भाग नळीतच मिसळावा लागतो, उरलेला ज्योतीच्या भोवतालून मिळतो. नळीतली हवा कमी पडली की ज्योत पिवळी. पिवळी म्हणजे न जळलेला कार्बन. तोच तुझ्या झाकणाला आतून बसलाय, आणि तोच तुझ्या गिऱ्हाइकाच्या पनीरला बसणार. हे तुला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण माहीत असलेलं हाताने करायचं म्हटलं की तुझं घोडं पेंड खातं.

बर्नरची नळी काढून एकदा तरी फुंकलीस का? मी फुंकली. फुंकर माझ्याच तोंडावर परत आली. ओट्यावर आपटली तर आतून काय पडलं, पाहिलंस ना? मातीची ढेकळं. एक फोडलं, तर आत ओळीने रचलेले वाळके कोळी. कुंभारमाशीने पावसाळ्यात घर केलं होतं, पिल्लांची शिदोरी भरून ठेवली होती. त्या माशीने एका मोसमात संसार थाटला, आणि तुला त्याच मोसमात एक नळी सोडवता आली नाही. पुढची वाट बंद, म्हणून गॅस मागे फिरला आणि झरोक्यातून बाहेर येऊन कॉकजवळ पेटला. हा तुझा 'वारा'! काही महिने पडून राहिलेली कुठलीही गॅसची शेगडी पेटवण्याआधी नळी साफ करायची, हा पहिला धडा. सायकलच्या ब्रेकची जुनी तार घे, टोकाला चिंधी गुंडाळ, या टोकातून त्या टोकाला काढ. बर्नरची भोकं एकेक करून मोकळी कर. मग उन्हात धरून आतून आरपार उजेड दिसतो का पाहा. उजेड दिसायला यूट्यूब लागत नाही.

आता नोझल. इथे तर तू हाईट केलीस. नळीतला चिखल सोडून तू नोझलच्या मागे लागलास, तेही गोधडी शिवायच्या दाभणाने. पितळ ते! मऊ असतं. त्याचं भोक कारखान्यात मोजून पाडलेलं असतं, एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. वर्गात मी तुम्हाला वर्तुळाचं क्षेत्रफळ कशाला शिकवलं होतं? परीक्षेपुरतं? ०.८ मिलिमीटरचं भोक रेटून १ मिलिमीटर केलंस तर गॅस किती वाढला? कर गुणाकार. दीडपटीच्याही वर. गॅस दीडपट, हवा आहे तेवढीच, बरं तीही माशीने अडवलेली. मग ज्योत पिवळी होईल नाहीतर काय हिरवी? नोझल साफ करायचा तर काढून रॉकेलमध्ये नाहीतर कोमट साबणाच्या पाण्यात टाकायचा, मऊ ब्रशने घासायचा, पंपाने फुंकायचा आणि उजेडासमोर धरून पाहायचा. भोकात सुई, दाभण, टाचणी काही घालायचं नाही. आता त्या नोझलचं काही होणार नाही. नवा टाक.

'पार्ट मिळत नाहीत सर.' हे वाक्य तू किती सहज फेकलंस! धुळ्याला दर आठवड्याला जातोस. जुना नोझल खिशात घालून एका तरी गॅस रिपेअरिंगच्या दुकानाची पायरी चढलास? आटे जुळवून, भोक मोजून द्या, असं एकदा तरी म्हणालास? दुकानात न जाताच माल संपल्याचं कळतं तुला. अंतर्ज्ञानी झालास की काय?

आणि वेळ नाही म्हणे. गंजलेल्या स्क्रूवर तू हातोडी-छिन्नी चालवलीस, दोघांची डोकी गोल करून ठेवलीस. घाई होती ना! अरे, रात्री त्यावर डिझेलचे चार थेंब सोडायचे, हलकी ठोक द्यायची आणि झोपायला जायचं. डिझेल तुझ्या वतीने रात्रभर कामाला असतं. तेवढा वेळही तुझ्याकडे नव्हता? सकाळी स्क्रू सुटला की डिझेल पुसून, साबणाने धुऊन काढायचं, एवढीच काळजी. तेलकटपणाचंही तसंच. तळाच्या ट्रेमध्ये आधीच्या मालकाच्या हॉटेलाचं कित्येक वर्षांचं तूप-तेल गोठलंय. ते पेटलं की जाळीवरचं सगळं राख, आणि त्यावर पाणी ओतलंस तर आगीचा लोळ थेट तोंडावर. ते पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढायचं, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत ठेवायचं. पण आधी लोहचुंबक लावून पाहा! ट्रे लोखंडी असेल तरच सोडा. अॅल्युमिनियम असेल तर सोडा त्याला खातो, काळं करतो; तिथे नुसता भांड्यांचा साबण आणि मनगटाचा जोर. दुसरं काही नाही.

जाळीकडे येऊ. मूळची जाळी कुजली होती, मान्य. तिचा मुलामा पापुद्र्यांनी सुटत होता, ती टाकलीस, बरोबर केलंस. बदली काय लावलंस? कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी! तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि बर्नरची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे. वर्कशॉपमध्ये जीआय पाइपचं वेल्डिंग केल्यावर तुम्हा पोरांना थंडी वाजून ताप भरायचा, आठवतं? मी आधी मुलामा घासून काढायला लावायचो तेव्हा नाकं मुरडायचात. तोच धूर तू आता वांग्याला लावून लोकांच्या ताटात वाढणार? नरडाण्याला नाहीतर दोंडाईच्याला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे जा. ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या सळ्या, सारख्या अंतराने, चौकटीत वेल्ड करून घे. दोंडाईच्याला मिरची घालायला जातोसच ना? मग त्याच फेरीत जाळीचं माप खिशात असू दे.

बिडाचे बर्नर आणि बिडाची पट्टी मात्र टाकू नकोस, ते सोनं आहे. त्यांचं काय करायचं ते तुझ्या आजीला विचार. बिडाचा तवा गंजला तर ती काय करायची? घासायची, धुवायची, लगेच चुलीवर कोरडा करायची, तेलाचा बोळा फिरवून पुसून घ्यायची आणि धूर निघेपर्यंत तापवायची. दोनतीनदा. तेल थबथबलेलं नको, पुसून टाकल्यासारखं पातळ. जवसाचं असेल तर उत्तम, ते लवकर धरतं. पट्टीला हेच करायचं. बर्नरला तेल लावायचं नाही, भोकं बुजतील. नुसतं घासून कोरडं कर.

घासायला तू तारेचा ब्रश काढलास. ठेव तो खाली. रंग खरवडायला वापर, जाळीला लावू नकोस. त्याचा एखादा तुटका केस सळीला चिकटतो, तिथून कणसाला, कणसातून घशात. २०१२ साली अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने असे सहा रुग्ण एकाच इस्पितळातले नोंदवले. कुणाच्या घशात तार रुतलेली, कुणाच्या आतड्यात. त्यांच्याकडे घरोघरी ही शेगडी असते, म्हणून त्यांना कळलं. आपल्याकडे नारळाची शेंडी फुकट मिळते. गरम जाळीवर पाण्यात बुडवलेली शेंडी चिमट्यात धरून फिरव. नंतर अर्धा कांदा फिरवलास तरी चालेल. पण फुकटचं, साधं आणि घरात असलेलं तुला कधी सुचतं? तुला विकत घ्यायला आवडतं. विकत घेतलं की काम झाल्यासारखं वाटतं ना. तो रंगाचा डबा त्यातलाच. ब्रश फिरवायला मजा येते, चार जण येऊन 'नवीन घेतली का?' विचारतात, छाती फुगते. बर्नरची नळी साफ केली तर कोण विचारणार? कुणालाच दिसत नाही. म्हणून ती राहिली.

आता हसण्यावारी न्यायचं नाही असं. नळी.

ती हिरवी नळी कुठली? फवारणी पंपाची. बोलू नकोस, मी ओळखली. आणि क्लिपच्या जागी बाइंडिंगची तार आवळलेली. गॅस साध्या रबराला आणि असल्या प्लास्टिकला खातो. नळी आतून फुगते, मग कडक होते, मग चिरते. ज्या दिवशी चिरेल त्या दिवशी तुझ्या स्टॉलपुढे शाळेची पोरं उभी असतील. गॅसची नळी वेगळी असते, आयएसआय मार्काची, वर वर्ष छापलेली. नारिंगी सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते, तडा दिसो वा न दिसो. आणि त्या डाव्या कॉकच्या बुडाला एम-सीलचा गोळा कुणी थापला? पाण्याच्या टाकीला थापतात तो. गळणारा कॉक बदलतात, त्याला लिंपत नाहीत. इथे मी आवाज चढवतोय, कारण बाकी सगळ्या चुकांनी वांगं खराब होईल. या चुकीने माणूस जाईल. गॅस हवेपेक्षा जड असतो, उडून जात नाही. खाली साचतो, ओट्याच्या बुडाशी, गटारीत, पायांशी लोळतो. शंभर भाग हवेत दोन भाग झाला की पेट घ्यायला तयार. त्याला वास मुद्दाम घातलेला असतो, आपल्याला कळावं म्हणून. आणि तू? 'नवीन रंगाचा वास आहे सर.' धन्य आहेस!

तपासायचं कसं, ते तरी आठवतंय? काडी ओढून नाही! साबणाचा फेस कर, ब्रशने प्रत्येक जोडावर लाव, कॉक बंद ठेवून रेग्युलेटर चालू कर आणि डोळे उघडे ठेव. बुडबुडा फुगला की गळती. बुडबुडा खोटं बोलत नाही, 'वारा आहे' म्हणत नाही. पेटवताना झाकण उघडं ठेवायचं, आधी काडी न्यायची, मग कॉक फिरवायचा. नाही पेटली तर बंद करायचं, थांबायचं, हवा खेळू द्यायची. तू झाकण लावून कॉक सोडलास आणि मग खिशात काडेपेटी शोधत बसलास. मी पाहिलं. बोललो नाही, कारण त्या क्षणी तुला मागे ओढणं जास्त गरजेचं होतं.

'चंपाषष्ठीपर्यंत होईल का सर?' हे विचारायचं धाडस बरं झालं तुला. आइतवारले करसू, आइतवारले करसू, करत किती आइतवार गेले? चातुर्मासभर लोकांनी वांगं तोंडात घातलेलं नाही. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सगळा तालुका वांग्यांवर तुटून पडतो. बसस्टँडच्या तोंडाशी गरमागरम भरीत, कळण्याची भाकरी, संध्याकाळी कणसं आणि पनीर, ही तुझी कल्पना नामी आहे, मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो. (गॅसवरच्या भरताला तुराट्यांवरच्या भरताची सर नाही, हे माझं मत कायम आहे. जाळावर साल करपते, धूर आत मुरतो, मग बडगीत ठेचताना जो वास सुटतो तो टाकीतून येत नाही. पण बसस्टँडवर तुराट्यांचा जाळ कोण करू देणार? तेव्हा तुझं बरोबर.) कल्पना नामी असली की माणूस फसतो. कल्पनेवरच पोट भरतं त्याचं. स्टॉलचं नाव ठरलं, बोर्ड रंगवायला टाकला, दरपत्रक छापलं. अरे, बर्नर पेटतो का?

होईल. चंपाषष्ठीपर्यंत होईल. आज रात्री स्क्रूवर डिझेल, ट्रे भिजत. उद्या सकाळी नळ्या, बर्नर, बिडाची पट्टी. दुपारच्या गाडीने धुळ्याला, नोझल आणि कॉक. परवा जाळी. झाकणाच्या आत रंग गेलाय तो पूर्ण खरवडून काढ, जिथे अन्न आणि आच आहे तिथे रंगाचा ठिपका दिसता कामा नये. बाहेरचा राहू दे, तापून त्याचे फोड आले की आपोआप लाज वाटेल. आणि सगळं जोडल्यावर ज्योत कशी हवी? निळी, आखूड, सुसू आवाजाची, बर्नरला चिकटून बसलेली. उचलून उडत असेल तर हवा जास्त, झरोका थोडा मिटव. टोकं पिवळी असतील तर थोडा उघड. तेवढं तुझ्या बोटांना कळतं. फवारणीचा फवारा तू न बघता, आवाजावरून जुळवतोस.

आता राहिली टाकी. तोंड फिरवू नकोस. ती लाल टाकी घरची आहे, तुझ्या आईच्या नावावरची. घरगुती टाकीवर धंदा करता येत नाही, २००० सालचा एलपीजीचा आदेश आहे, आणि तो जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतो. पकडलं तर टाकी जाईल, शेगडी जाईल आणि दरपत्रक राहील. धंद्याला १९ किलोची व्यावसायिक टाकी घे. एवढी ओढायला जड वाटत असेल तर ५ किलोची छोटी टाकी मिळते; ओळखपत्र दाखव आणि घेऊन ये. ती तुझ्या हातगाडीखाली बसेलही. रेग्युलेटर मात्र घरच्या शेगडीसारखा कमी दाबाचाच हवा. कुणीतरी भट्टीचा, दाब वाढवायच्या चावीचा रेग्युलेटर गळ्यात मारेल, 'आच मोठी होते' म्हणेल. घेऊ नकोस. हे बर्नर त्या दाबाचे नाहीत.

मी येताना तुझ्या घरावरून आलो. तुझी आई मागच्या दारी तीन दगडांवर भाकरी करतेय, डोळ्यांना पदर लावून. 'पोरगा धंदा टाकतोय सर,' म्हणाली, वर हसली. तुला सांगितलं तिने, टाकी परत आण म्हणून? नाही सांगणार ती. म्हणून मी सांगतो. हा स्टॉल, ही शेगडी, सगळं बाजूला राहू दे. रेग्युलेटर काढ, टाकीला टोपण लाव आणि उचल. घरी जोडून ये. डिझेलची बाटली तोवर मी काढून ठेवतो.